अहवालाचे वाङ्मय

दिवाळी अंकासाठी समीक्षालेख मागितला गेला म्हणजे वर्षभरात गाजलेली एखादी कादंबरी किंवा एखादा नवा कवितासंग्रह हाती घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. यंदा तो मोडण्याची परवानगी मी वाचकांकडे मागतो. ज्या ग्रंथाचे परीक्षण मी आज करणार आहे तो कोणत्याही दुकानात मिळणार नाही. कोणत्याही ग्रंथालयाच्या यादीत त्याची नोंद नाही. आणि तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. पेठ तालुक्यातील एका जंगल कामगार सहकारी संस्थेचे हे वार्षिक अहवाल आहेत. वडील वारल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ते मला सापडले. पहिले काही सायक्लोस्टाइल केलेले, मधले साध्या छपाईचे आणि अखेरचे गुळगुळीत कागदावर रंगीत मुखपृष्ठ असलेले. मुखपृष्ठ जसजसे देखणे होत गेले तसतशी संस्था खंगत गेली, आणि शेवटी ती अवसायनात निघाली.

संस्थेचे नाव मी सांगत नाही. नाव सांगितले की वाचक त्या नावापुरता विचार करतो आणि आपल्या गावच्या संस्थेला मोकळे सोडतो. शिवाय, माझे वडील या संस्थेचे चिटणीस होते. यातले बहुतेक अहवाल त्यांच्या हातचे आहेत. आणि एक माझ्या हातचा आहे. तेव्हा मी तटस्थ समीक्षक नव्हे, हे आरंभीच नमूद करतो.

अहवालाला वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. लिहिणाऱ्याला समोर कोणी ऐकणारा दिसत असतो आणि त्या दिसण्याने त्याचे वाक्य घडते, एवढी एकच कसोटी मी लावतो. सर्वसाधारण सभेत हा अहवाल मोठ्याने वाचून दाखविला जाई. ऐकणारे लोक स्वतः कुऱ्हाड चालवणारे होते; अमुक कुपात साग किती आणि ऐन किती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. अशा श्रोत्यांपुढे लबाड वाक्य उभे राहू शकत नाही. पुढे श्रोता बदलला, आणि वाक्यही बदलले. हे बदलणे कसे घडले आणि त्याच्याबरोबर एक चालता धंदा कसा बुडाला, एवढेच मला सांगावयाचे आहे.

यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. नाशिकहून पश्चिमेला धरमपूरच्या रस्त्याला लागले की सावळ घाट आणि कोटंबी घाट ओलांडून पेठ येते. पूर्वी हे एक लहानसे संस्थान होते. १८७८ साली ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात सामील झाले. पाऊस दांडगा, जमीन उताराची, पीक भात, नागली, वरई आणि खुरासणी यांचे. दसऱ्यानंतर घरात दाणा असे, पण पैसा जंगलातच मिळे. सरकार कुपाचा लिलाव करी, व्यापारी तो घेई, आणि मजूर लावून झाडे तोडून नेई. आदिवासी हा त्या व्यवहारात फक्त दोन हात म्हणून असे. या भागातील सावकार आणि जंगल ठेकेदार यांच्या पकडीविषयी सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला १९३८ साली अहवाल दिला होता. पुढे १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा उठाव झाला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९४७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. कल्पना साधी होती. कूप लिलावात न घालता संस्थेला द्यावयाचा. तोड, वाहतूक आणि विक्री संस्थेने करावयाची. मजुरी सभासदाला, आणि ठेकेदाराच्या खिशात जाणारा नफा सरकार व संस्था यांनी वाटून घ्यावयाचा. हातांच्या मालकाला धंद्याचा मालक करण्याचा हा प्रयोग होता. आपल्या जिल्ह्यात डांग सेवा मंडळासारख्या संस्था आणि दादासाहेब बिडकरांसारखी माणसे आदिवासींमध्ये काम करीत होती. त्या वातावरणात असे प्रयोग रुजले.

आता पहिल्या काळातले अहवाल उघडू या. वडील व्हर्नाक्युलर फायनल झालेले होते. त्यांची भाषा रूक्ष आहे. विशेषण जवळजवळ नाही. कोणता कूप केव्हा मिळाला, तोड कोणत्या दिवशी सुरू झाली, अवेळी पावसाने किती दिवस गाड्या अडल्या, कोणत्या पाड्यावरचे किती लोक कामाला होते, हे ओळीने येते. क्रियापदे सारी कर्त्यासकट येतात: आम्ही तोडले, आम्ही मोजले, आम्ही विकले, आम्ही चुकलो. होय, ‘आम्ही चुकलो’ हेही त्यात आहे. एका वर्षी डेपोत लाकूड उघड्यावर राहिल्याने भेगा पडून भाव उतरला. तो दोष चिटणिसाने स्वतःकडे घेतला आहे आणि पुढच्या वर्षी छपरासाठी किती वासे लागतील तेही लिहिले आहे.

पण या अहवालांचा प्राण एका छोट्या कोष्टकात आहे. प्रत्येक जातीच्या लाकडापुढे दोन आकडे दिलेले असत. पहिला आकडा झाड पाडल्यावर जागेवरच मोजलेल्या घनफुटांचा. दुसरा डेपोत पोचल्यावर मोजलेल्या घनफुटांचा. दोहोंत फरक असणारच. ओंडके छाटताना काही जाते, एखादे खोड आतून पोकळ निघते, आणि काही वाटेत चोरीला जाते. वडील त्या फरकाचे कारण दर वर्षी तीन-चार ओळींत देत. संस्थेची सारी नीतिमत्ता त्या दोन आकड्यांमधल्या जागेत होती, असे मला आज वाटते. एकच आकडा कोणाला काही विचारीत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की ते एकमेकांना विचारतात.

हे दोन आकडे घेणारा माणूस कोण होता? आमच्या शेजारच्या पाड्यावरचे एक कोकणा म्हातारबाबा. त्यांना अक्षर येत नव्हते. पण उभ्या सागाकडे पाहून ते लाकूड किती निघेल याचा अंदाज सांगत, खोडावर कुऱ्हाडीचा पाठचा भाग आपटून आवाजावरून आत पोकळ आहे की काय ते ओळखत, आणि मग मधल्या घेराला टेप लावून आकडा वडिलांना लिहायला सांगत. वडील लिहीत, पुन्हा वाचून दाखवीत. बाबा मान हलवीत. एका निरक्षराचे ज्ञान आणि एका सातवी पासाचे अक्षर यांची ती जोडी होती. संस्थेचे खरे भांडवल हेच; भागभांडवलाच्या रकमेत ते कुठेच दाखविलेले नाही. अर्थशास्त्रात एडिथ पेनरोज या विदुषीने १९५९ साली असे मांडले, की व्यवसाय म्हणजे यंत्रे व पैसा यांची नुसती बेरीज नव्हे. एकत्र काम करता करता माणसांच्या अंगी जे जाणतेपण येते त्यावर त्याची वाढ अवलंबून असते. म्हातारबाबांना हे पुस्तक वाचण्याची गरज नव्हती.

बाहेरची बाजूही तेव्हा जागी होती. संस्थेचा हिशेब तपासणारे लेखापरीक्षक पेठेत दोन रात्री मुक्काम करीत. दिवसा डेपोत जाऊन दहा-वीस ओंडके स्वतः मोजून पाहत आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघत. कर्ज देणारा अधिकारी शिल्लक मालाचा तक्ता मागे. तो आला नाही तर दुसरा हप्ता अडे. वडिलांना या लोकांचा राग येई. घरी ते कुरकुरत, “माझ्यावर यांचा विश्वास नाही.” पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तेच वह्या जुळवीत बसत. बाहेरचा माणूस विचारणार आहे म्हणून आतला माणूस मोजीत होता. आणि आतला माणूस मोजू शकत होता म्हणून बाहेरच्याला विचारता येत होते.

पुढे काय झाले ते अहवालांच्या व्याकरणावरून कळते. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आम्ही’ नाहीसे झाले आणि ‘करण्यात आले’ अवतरले. तोड करण्यात आली, विक्री करण्यात आली, सभा घेण्यात आली. करणारा कोण, हे वाक्यातून गेले. मराठीत या रचनेइतकी सोयीची दुसरी रचना नसेल. सरकारी पत्रव्यवहारातून ती आमच्या संस्थेत आली आणि कायमची राहिली. त्यानंतर काही वर्षांनी कोष्टकातला पहिला आकडा गेला. फक्त डेपोतला राहिला. मग घनफूट वा घनमीटरही गेले आणि केवळ विक्रीचे रुपये राहिले. बाजारभाव चढत असल्यामुळे रुपये वाढतच होते. लाकूड घटते आहे हे त्यांतून दिसण्याची सोयच नव्हती. मग ‘प्रतिकूल परिस्थिती’ हा शब्द आला. कोणती परिस्थिती, कोणाला प्रतिकूल, याचा खुलासा नाही. आणि शेवटच्या काळात अहवालाचा मोठा भाग आभारप्रदर्शनाने व्यापला. ज्यांचे आभार मानले त्यांची यादी, ज्यांनी काम केले त्यांच्या यादीपेक्षा लांब झाली.

येथे वाचक म्हणेल, की जुना प्रामाणिक चिटणीस जाऊन नवा लबाड आला असेल. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि निवडणुकीतल्या भाषणांनी आपल्याला हीच सवय लावली आहे. धंदा बुडाला की आपण ‘कोणी खाल्ले?’ एवढेच विचारतो; खाणारा सापडला की गोष्ट संपते. पण या ग्रंथाच्या बाबतीत ती सोय नाही. पहिल्या अहवालाखाली ज्यांची सही आहे, त्यांचीच सही आभारांच्या यादीखालीही आहे. ते माझे वडील. त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. पेटीत अहवालांखेरीज काही निघाले नाही, हा त्याचा पुरावा. तोच माणूस, तेच अक्षर. आणि तरीही गद्य मेले.

त्या मरणात माझाही हात आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी नाशिकला मराठी घेऊन बी. ए. करीत होतो. सुट्टीत घरी आलो असता वडिलांनी त्या वर्षाच्या अहवालाचा कच्चा मजकूर माझ्यापुढे ठेवला. मी जुने अहवाल लहानपणी ऐकलेले होते. मी विचारले, “दादा, जागेवरचा आकडा कुठं आहे?”

ते म्हणाले, “मोजायला कोण आहे आता?”

म्हातारबाबा दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या मुलाला टेप धरता येई. पण संस्था त्याला तोडीच्या हंगामापुरती रोजंदारी देई, आणि दिंडोरीकडे द्राक्षबागांत छाटणीला गेले तर त्याहून जास्त मिळे. तो तिकडे गेला. त्याला ठेवून घेण्याचा ठराव कोणी मांडला नाही. मोजणी हे काम आहे, असे कोणाच्या मनातच आले नव्हते. ते म्हातारबाबांच्या अंगचे काहीतरी होते, ते गेले तसे तेही गेले.

“आणि विचारणार तरी कोण?” वडील पुढे म्हणाले. “तपासणीस आता येत नाहीत. दफ्तर नाशिकलाच मागवून घेतात. तू लिही काहीतरी चांगलं.”

मी चांगले लिहिले. सह्याद्रीची वनश्री, श्रमाचा घाम, सहकाराचा नंदादीप, सारे त्यात घातले. नुकतीच वाचलेली पुस्तके माझ्या बोटांत होती. सभेत तो अहवाल वाचला गेला तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका सभासदाने उठून विचारले, “यंदा ऐनाचं लाकूड किती निघालं?” अध्यक्षांनी ‘सविस्तर माहिती दफ्तरी उपलब्ध आहे’ असे सांगितले. दफ्तरी ती नव्हती. तो सभासद बसला. पुढच्या वर्षी तो सभेला आला नाही, असे वडील म्हणाले. त्या वर्षी संस्थेला लेखापरीक्षणात आधीच्या वर्षांप्रमाणेच ‘ब’ वर्ग मिळाला.

आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० सालचे एक छोटे पुस्तक मी पुष्कळ वर्षांनी वाचले. संस्था घसरू लागली की सभासदापुढे दोन वाटा असतात, असे तो म्हणतो: उठून बोलणे, किंवा उठून जाणे. जे बोलू शकतात तेच आधी निघून गेले तर संस्थेला आपण घसरतो आहोत हे कळतही नाही. मला तो मागच्या रांगेतला माणूस आठवला. तो बोलला होता. माझ्या सुंदर वाक्यांनी त्याला बसविले, आणि मग तो गेला.

आता बाहेरची बाजू का झोपली, हेही पाहिले पाहिजे. केवळ अधिकाऱ्यांचा आळस म्हणून ते सोडून देता येणार नाही. १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल प्रसिद्ध झाला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा हिस्सा अवघा ३.१ टक्के असल्याचे त्या पाहणीत आढळले. सहकार अपयशी ठरला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा तिचा निष्कर्ष होता. आणि त्यासाठी सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, अशी शिफारस होती. सावकारापुढे उभे राहावयाचे तर बळ हवे होते, आणि ते बळ दुसऱ्या कोणाकडे नव्हते. शिफारस चुकीची होती असे मी म्हणत नाही. याच काळात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांनी उभारलेला साखर कारखाना चालू लागला होता, आणि सरकारचे पाठबळ व आतले जाणतेपण एकत्र आले की काय होते ते महाराष्ट्र पाहत होता. पण या व्यवस्थेत एक धोका होता. भांडवल देणारे सरकार, कर्जाला हमी देणारे सरकार, आणि १९६०च्या सहकार कायद्याखाली हिशेब तपासणारेही सरकारच. आमच्या संस्थेच्या बाबतीत तर कूप देणारे आणि नफ्यात वाटा घेणारेही तेच. बाहेरचा डोळा हळूहळू आतलाच झाला. आपण ज्यात पैसे घातले ती संस्था बुडते आहे, हे सांगणे कोणालाच सोयीचे राहिले नाही. पुढे उलट टोक गाठले गेले: २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्थेला सरकारमान्य यादीतून आपला लेखापरीक्षक आपणच निवडता येऊ लागला. एके काळी विचारणारा मालकच होता. आता तो आपण नेमलेला पाहुणा झाला. दोन्ही वेळा प्रश्न निसटण्याची सोय राहिलीच.

बाहेरचा डोळा अधू झाला की तो नुसता गप्प बसत नाही. कधी कधी आंधळेपणाने हातही चालवितो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी जुन्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरच्या सर्वच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. नाशिक जिल्हा बँक त्या आधीच थकबाकीने वाकलेली होती. पुढे तिच्यावर प्रशासक आले. पण तो हुकूम काढताना वाकलेली बँक आणि ताठ उभी असलेली बँक यांत भेद केला गेला नाही. जो वर्षानुवर्षे ‘ब’ वर्ग देत राहिला त्याला ऐनवेळी चांगले कोणते आणि वाईट कोणते हे कळणार कसे? निवड करण्याची शक्ती एका दिवसात जात नाही, आणि एका दिवसात परतही येत नाही.

आमच्या संस्थेच्या मृत्यूचे कारण विचारले तर तालुक्यात आजही एकच उत्तर मिळते: कोर्टाने जंगल बंद केले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला, की केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करता येणार नाही. ज्या संस्था केवळ कुपावर जगत होत्या त्यांना हा घाव बसला, यात शंका नाही. आणि जंगल विरळ होत चालले होते हेही खोटे नाही. परंतु मी अहवाल तारखेनुसार लावून पाहिले आहेत. जागेवरचा आकडा १९९६ च्या पुष्कळ आधी गेला. ‘आम्ही’ त्याच्याही आधी गेले. आदेश आला तेव्हा संस्थेत जंगल मोजू शकणारा कोणी उरला नव्हता. तो असता तर जंगल राखण्याचे, रोपे लावण्याचे, बांबूचे, मालकीच्या झाडांच्या तोडीचे काही काम संस्थेला मागता आले असते. आपले जंगल आपणच कसे विरळ होऊ दिले, हेही तिला आधीच दिसले असते. कारण त्या दोन आकड्यांनी ते दाखविले असते. आदेशाने संस्था मेली असे म्हणण्यापेक्षा, ती मेली आहे हे त्या आदेशाने उघडकीस आले, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

यावर कोणी म्हणेल, की बाजार फिरला, कायदा फिरला, तर शहाणा धंदाही बुडतो. बुडतो, हे मला मान्य आहे. पण धक्का बसल्यावर उठतो कोण, हे पाहण्यासाठी आमच्या शेजारच्या दिंडोरी-निफाडकडे पाहावे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि माल नाकारला गेला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचे नाव नव्हते. म्हणजे चूक बागेतही होती आणि बागेबाहेरही. शेतकरी होरपळले. परंतु अपेडाने चालविलेली ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था होती, पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र होते, प्रयोगशाळा होत्या. यादी सुधारली गेली. आणि बागाईतदारांना कोणती फवारणी कोणत्या दिवशी केली हे लिहून ठेवण्याची सवय होती, म्हणून सुधारलेली यादी पाळता आली. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच सुमारास उभी राहिली आणि वाढली. तिथे जागेवरचा आकडा आणि बंदरावरचा आकडा हे दोन्ही जिवंत होते, एवढेच मी म्हणेन.

हे बागाईतदारांनाच जमते, आदिवासींना नाही, असा अर्थ यातून कोणी काढू नये. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. पण त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात अभ्यास गट चालत होता. प्रश्न काढून बसावे, माहिती मिळवावी, आणि सर्वांना पटेपर्यंत बोलावे, असा परिपाठ होता. हक्क नंतर आला, विचारण्याची सवय आधी होती. आमच्याकडे १९४७ नंतर हक्क आधी आला. सवयही होती, ती एका म्हाताऱ्याच्या कानात आणि एका चिटणिसाच्या वहीत होती, आणि तिला तिसरा वारस मिळाला नाही.

या ग्रंथाचे अखेरचे पान अवसायकाच्या सूचनेचे आहे. त्यात संस्थेची मालमत्ता दिली आहे: एक टेबल, दोन कपाटे, डेपोच्या जागेवरचे पत्र्याचे छप्पर. मोजणीची टेप यादीत नाही. ती पेटीत अहवालांखाली होती. तिच्यावरचे पहिले काही आकडे झिजून गेले आहेत. आज हिवाळ्याच्या तोंडाशी पेठ-करंजाळीच्या रस्त्यावर पहाटे जीपगाड्या भरतात आणि माणसे दिंडोरीच्या बागांकडे निघतात. त्यांत एके काळच्या सभासदांची नातवंडे आहेत. ती कष्टाळू आहेत, बागाईतदार त्यांच्या छाटणीची तारीफ करतात. हाताची किंमत त्यांना आजही मिळते. धंद्याची मालकी मात्र आजोबांबरोबर गेली.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या बायकांच्या एका गटाने नागलीचे पीठ आणि पापड करून विकण्याचे काम सुरू केले आहे. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून त्यांच्यातल्या दोघी परवा आमच्या घरी आल्या. “सर, वर्षाचा अहवाल लिहायचाय. साहेबलोकांसमोर वाचायचाय. चांगल्या भाषेत लिहून द्या.” मी त्यांना विचारले, नागली किती घेतली आणि पीठ किती निघाले? पीठ किती विकले ते त्यांना तोंडपाठ होते. नागली मात्र कोणी मोजून घेतली नव्हती. ज्या बाईच्या घरून जेवढे पोते आले तेवढे आले. मी म्हणालो, आधी तेवढे मोजून आणा, मग लिहू.

त्यांना ते फारसे आवडले नाही. धाकटी म्हणाली, “आमच्यावर विश्वास नाही का सर?” ते वाक्य मी त्याच घरात पूर्वी ऐकलेले होते. थोरली काही बोलली नाही. ती उठली आणि शेजारच्या दुकानदाराकडे वजनकाटा मागायला गेली. अहवाल अजून लिहून व्हायचा आहे.